चौकड्यांचा तुकडा

४ नोव्हेंबर

चि. ठमे,

आशीर्वाद. हे वाचून लगेच फोन करायला धावू नकोस. फोनवर तू गोड बोलून सटकतेस. कागदावर लिहिलेलं पुन्हा काढून माणसाच्या तोंडासमोर धरता येतं, म्हणून पत्रच लिही.

ज्या पुढच्या खोलीत मी आयुष्यभर मुलींना शिवण शिकवलं, ती तुझ्या शब्दाखातर छावणीतल्या बायकांना दिली. सीमेपलीकडून जीव वाचवून आलेल्या बायका आहेत, हातात कला आहे, गोधड्या शिवतील, तू शहरात विकशील, भीक नको, हक्काचं काम मिळेल, हे तुझं भाषण मला पाठ झालंय. भाषणाला माझी हरकत नाही. बायका कामसू आहेत, खोली झाडून जातात, सुई हरवली तर सापडेपर्यंत उठत नाहीत. पण कुठेतरी पाणी मुरतंय, आणि ते एकाच ठिकाणी.

त्यांच्यातली एक आहे, खिडकीखाली बसते. वय असेल पंचविशीच्या आतबाहेर. मी तिला मुखस्तंभ म्हणते, कारण सकाळी आली की संध्याकाळपर्यंत तोंड उघडत नाही. हात मात्र देखणा आहे. धावदोरा असा घालते की मी शाळेत असते तर पोरींना उठवून दाखवला असता. पण प्रत्येक गोधडीत, रंग कितीही जुळवून दिले तरी, एका कोपऱ्यात ती एक तुकडा घालतेच. मोहरीच्या रंगाचा, वर तांबड्या चौकड्या, धुऊन धुऊन विटलेला. निळ्या गोधडीतही तोच, पांढरीतही तोच. हा तुकडा मी दिलेल्या कापडातला नाही. तो ती कमरेला खोचलेल्या पिशवीतून काढते आणि मी बघतेय असं दिसलं की पिशवी पदराखाली घेते.

दुसरं. आपल्या भाषेतलं ती एकच वाक्य बोलते. गाठोडं शहराला रवाना झालं की दुसऱ्या दिवशी माझ्यापुढे येऊन उभी राहते आणि विचारते, "कुणाच्या घरी गेली?" बाकीच्या बायका मजुरी कधी मिळणार ते विचारतात, तेही समजण्यासारखं आहे. हिला मजुरीशी देणंघेणं नाही, घर कुठलं ते हवं. शेजारच्या वकिलीणबाई म्हणतात, चोरांच्या टोळ्या असंच करतात, आधी घरं हेरून ठेवतात. वकिलीणबाईंचं सगळंच मी खरं धरत नाही, पण मीही डोळ्यांत तेल घालून बसले आहे. माझा संशय खरा निघाला तर खोलीला कुलूप लागेल, मग तू कितीही गळा काढ.

तुझी,
आत्या

१२ नोव्हेंबर

लाडक्या आणि संशयी आत्या,

तुझं पत्र ऑफिसातल्या जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि हसताना ठसका लागला. कोपऱ्यातल्या तुकड्यावरून चोरांची टोळी शोधून काढणारी तू जगात एकटीच असशील.

अगं, ती घर विचारते यात काय वावगं आहे? आपण केलेली वस्तू कुणी घेतली, कशी वापरली, हे जाणून घ्यावंसं वाटणार नाही का? तिला खुशाल सांग. मागची निळी गोधडी एका डॉक्टरांच्या घरी गेली. पाण्याच्या टाकीमागे त्यांचं घर आहे, बाल्कनीत हिरव्या कुंड्या आहेत, आणि त्या बाईंनी गोधडी बैठकीच्या खोलीत सोफ्यावर टाकली आहे. पांढरी एका प्राध्यापिकेने नेली. सगळ्या गोधड्या हातोहात जातात, काळजी करू नकोस. मजुरी आणि नवा दोरा टेम्पोवाल्याबरोबर पाठवते आहे.

एक मात्र कर. तो मोहरी रंगाचा तुकडा तेवढा घालू नकोस असं तिला समजावून सांग. लोक विचारतात, मध्येच हे काय म्हणून. रंगसंगती बिघडते. तू शिवणाच्या बाई, तुझं ती ऐकेल. आणि खोलीला कुलूप वगैरे बोलू नकोस. त्या बायकांसमोर तर मुळीच नको.

तुझी ठमी

२० नोव्हेंबर

चि. ठमे,

ठसका लागला असेल तर पाणी पी आणि पुढचं नीट वाच.

तुझा निरोप मी तिला सांगितला. आमच्यातली दुभाषी म्हणजे म्होरकी, त्या बायकांतली सगळ्यांत थोरली. ती इथे आल्यापासून भाजीच्या गाड्यावर काम करून आपली भाषा शिकली. तिने समजावलं. मुखस्तंभाने मान हलवली, सुईच्या टोकाने तुकडा उसवून काढला, आजूबाजूचा एक टाका हलला नाही. मला वाटलं, झालं. गाठोडं बांधताना सवयीने गोधडीवरून हात फिरवला तर कोपरा जाड लागला. अस्तर उसवून पाहिलं. तुकडा आतल्या बाजूला, दोन थरांच्या मध्ये, बेमालूम शिवलेला. आता मला सांग, रंगासाठी घालत असेल तर आत लपवील कशाला? मी विचारलं तेव्हा तिने खाली पाहिलं. ताकास तूर लागू देत नाही.

आणि आता खरी गोष्ट. तुझ्या पत्रातली डॉक्टरांची हकिकत मी तिला वाचून दाखवली, तूच म्हणालीस खुशाल सांग. तिने टाकीचं आणि कुंड्यांचं दोनदा म्हणवून घेतलं. दुसऱ्या दिवशी बाई गैरहजर. वकिलीणबाईंनी तिला शहराच्या बसमध्ये चढताना पाहिलं. परत आली तेव्हा पाय सुजलेले, चेहरा पार उतरलेला, आणि कुठे गेलीस म्हटलं तर पुन्हा मौनव्रत.

घर हेरायला गेली नाही तर कशाला गेली? तू डॉक्टरांचा पूर्ण पत्ता ताबडतोब कळव. मी त्यांना दोन ओळी लिहून सावध करते. उद्या त्यांच्याकडे काही कमीजास्त झालं तर तुझं नाव निघेल, आणि तुझ्या मागोमाग माझ्या खोलीचं. तुझं उत्तर येईपर्यंत तिला कामाला बसवणार नाही. दारात येऊन बसते ती, बसू दे.

आत्या

२६ नोव्हेंबर

आत्या,

घाईत लिहिते आहे, ऑफिसात फार काम आहे.

डॉक्टरांना पत्र पाठवू नकोस. त्यांची बदली झाली, ते लोक घर सोडून गेले. त्यामुळे चोरीबिरीचा प्रश्नच येत नाही. आणि ती शहरात आली असेल दुसऱ्या कशाला, तिला स्वतःचं म्हणून काही काम नसेल का?

कृपा करून तिला दाराबाहेर बसवू नकोस. तिचं काम सुटलं तर छावणीत तिला पुन्हा रांगेत उभं राहून पोट भरावं लागेल. मी तुझ्याकडे आजवर हट्टाने काही मागितलं नाही, हे एवढं मागते आहे.

ठमी

२ डिसेंबर

चि. ठमे,

तू खोटं बोलते आहेस.

लहानपणी खोटं बोलताना तू डाव्या पायाच्या अंगठ्याने जमीन टोकरायचीस. तुझ्या या पत्रात मला तो अंगठा दिसला. मागच्या पत्रात डॉक्टरीणबाई नवी गोधडी सोफ्यावर टाकून निवांत बसल्या होत्या. आता पंधरवड्यात बदली होऊन बिऱ्हाड हललंसुद्धा. मला शेंडी लावायची तर नीट तरी लावायचीस.

मी म्होरकीला बाजूला घेतलं आणि म्हटलं, ती शहरात कुठे गेली ते आज कळलं नाही तर उद्यापासून कुणीच यायचं नाही. म्होरकीने आधी दार लोटून घेतलं. मग म्हणाली, "बाई, टाकीमागे डॉक्टर नाही. लाकडाची वखार आहे. तिने आजूबाजूच्या सगळ्या गल्ल्या पाहिल्या. हिरवी कुंडी एक पण नाही." आणि पुढे म्हणाली, "तुम्ही तिच्यावर नजर ठेवता. आम्हाला पण आता तुमच्यावर संशय येतो."

ठमे, माझ्या घरात बसून मला कुणी असं बोललं नव्हतं. पण तिचं काय चुकलं?

मग मी मुखस्तंभाला आत बोलावलं. स्वयंपाकघरात, माझ्यासमोर पाटावर बसवलं, म्होरकीला शेजारी. म्हटलं, मी पोलिसांत जाणार नाही, पण आता मला सगळं सांग. तिने कमरेची पिशवी काढून माझ्या मांडीवर ठेवली. आत एक सदरा होता, म्हणजे सदऱ्याचं जे काय उरलं होतं ते. मोहरीचा रंग, तांबड्या चौकड्या. पाठ सगळी कापून झालेली, एक बाही संपलेली.

तिला एक धाकटी बहीण आहे. त्यांच्या आईने एकाच ताग्यातून दोघींना सदरे शिवले होते, आणि घर सोडलं त्या दिवशी दोघींच्या अंगावर तेच होते. नदीच्या पुलावर गर्दीत हात सुटला. धाकटी जिवंत आहे असं कुणीतरी सांगितलं, आणि मुलींचा एक जथा याच शहराकडे आला, त्यात ती होती. धाकटीला लिहितावाचता येत नाही, छावणीच्या यादीत तिचं नाव नाही. ही म्हणते, ती असणार कुणाच्या तरी घरी, धुणंभांडी करत, गाद्या घालत. दुसरं काय करील? तर एखाद्या दिवशी गादी घालताना तिच्या हाताखाली हा तुकडा येईल. ती ओळखील. आणि गोधडी कुठून आणली म्हणून विचारील.

म्हणून ती घर विचारत होती, ठमे. घर हेरत होती हे वकिलीणबाईंचं खरंच निघालं म्हणायचं.

मग आत लपवल्यावर बहीण ओळखणार कशी, म्हणून मी विचारलं. म्हणाली, धुताना हाताला जाड लागेल, तुमच्या हाताला लागला तसा.

मला फार वाईट वाटलं. माझ्या दाराच्या उंबऱ्याबाहेर मी तिला बसवून ठेवलं होतं. पण माझं मी बघून घेईन. तू मला एकाच प्रश्नाचं उत्तर दे, आणि अंगठा न टोकरता दे. गोधड्या कुठे आहेत?

आत्या

७ डिसेंबर

आत्या,

माझ्या खोलीत आहेत. खाटेखाली, कपाटावर, आणि उरलेल्या माझ्या मोठ्या ट्रंकेत. सगळ्या. एकही विकली गेली नाही.

सुरुवातीला मी खरंच दुकानं पालथी घातली. पण प्रत्येक दुकानदार गोधडी उलगडायचा, खूश व्हायचा, आणि कोपऱ्याशी आला की कपाळाला आठी. म्हणायचा, काम छान आहे, पण हे जुनेराचं ठिगळ कशाला, गिऱ्हाईक म्हणेल वापरलेला माल गळ्यात मारला. बाकीच्यांच्या गोधड्याही मग तो बाजूला सारायचा. परत येऊन त्या बायकांना काय सांगू? इतक्या आशेने सगळ्या बसल्या होत्या. म्हटलं, पहिली खेप मी घेते, पुढची विकेन. मग पुढचीही मीच घेतली. माझ्या पगारात कसंबसं भागत होतं. तिने घर विचारलं म्हणून मी घरं बनवली. डॉक्टर, प्राध्यापिका, कुंड्या. मला वाटलं, ऐकून तिला बरं वाटत असेल.

आत्या, ती त्या घराच्या शोधात पायी फिरली हे वाचल्यापासून मला जेवण जात नाही. ती ज्या गोधड्यांच्या भरवशावर होती त्यांच्यावर मी रोज झोपत होते. तू त्यांना काय सांगणार आहेस? सांगितलंच पाहिजे का?

ठमी

१३ डिसेंबर

चि. ठमे,

सांगितलं. सगळ्यांसमोर, पुढच्या खोलीत, तुझं पत्र हातात धरून. माझ्या घरात एवढी लपवाछपवी झाली तेवढी पुरे.

 म्होरकीने हातातली गोधडी घडी करून खाली ठेवली आणि म्हणाली, "तुमची पोर चांगली आहे. पण आम्ही काम मागायला आलो होतो. दया पाहिजे असती तर छावणीत पुष्कळ आहे." मी तुझी बाजू घेणार होते, पण घेता आली नाही. तुझ्या दयेने त्यांना मजुरी मिळाली हे खरं, पण आपलं काम कुणाला हवंय का, हे त्यांना कळलंच नाही. कळलं असतं तर त्यांनी काही केलं असतं.

मुखस्तंभ एवढंच बोलली, "म्हणजे अजून कुणीच पाहिला नाही." आणि तू म्हणशील रडली असेल. नाही. मला तर तिच्या चेहऱ्यावर चक्क टवटवी आल्यासारखी वाटली. मग माझ्या ध्यानात आलं. इतके दिवस तिला वाटत होतं की गोधड्या घराघरांत पसरल्या आहेत आणि तरी बहिणीचा पत्ता नाही, म्हणजे बहीण राहिलीच नसेल. आता तिला कळलं की शोध अजून सुरूच झालेला नाही.

पुढे जे ठरलं ते माझ्या डोक्यातून नाही, त्यांच्या. तासभर त्यांच्या भाषेत कलकलाट चालला होता, मी नुसती मान इकडून तिकडे फिरवत होते. ठरलं ते असं. तुकडा काढायचा नाही. उलट, तो सगळ्यांच्या गोधडीत घालायचा. पण ठिगळासारखा नाही, बोटभर रुंद, नेमका उजव्या खालच्या कोपऱ्यात, भोवती एकसारखी नव्या दोऱ्याची चौकट घालून. एकीच्या गोधडीत असला तर दुकानदाराला चूक वाटते. सगळ्यांच्याच गोधडीत, एकाच जागी असला तर ती या खोलीची खूण होते. चौकट कशी घालायची त्यावर मात्र मी तोंड घातलं, तेवढा माझा अधिकार आहे.

उरलेला सदरा तिने स्वतः कापला. गळा तेवढा शिल्लक ठेवलाय, तो आईने दुमडला होता म्हणून.

आता तुझं काम. तुझ्या खोलीतल्या सगळ्या गोधड्या टेम्पोवाल्याबरोबर परत पाठव, कोपरे नव्याने करून देतो. आणि डॉक्टर-प्राध्यापिका पुरे झाले. सोफ्यावर टाकायला घेणाऱ्यांकडे जाऊ नकोस. जिथे पुष्कळ गाद्या आहेत आणि त्या घालणारे हात पुष्कळ आहेत, अशा जागी जा. वसतिगृहं, मोठे दवाखाने, भाड्याने खोल्या देणारे. नाही म्हणाले तर नाही म्हणाले असं लिही. खोटं पुन्हा लिहिलंस तर मी येऊन तुझा कान धरीन.

आत्या

१० जानेवारी

आत्या,

पाच ठिकाणी नाही म्हणाले. मुद्दाम आधी तेच लिहिते आहे.

सहाव्या ठिकाणी, मुलींच्या एका वसतिगृहात, वॉर्डनबाईंनी गोधडी उलगडली, उलटी केली, टाके ओढून पाहिले.  त्या कोपऱ्याशी आल्या आणि म्हणाल्या, "ही तुमची खूण का? बरं आहे, धोब्याकडे अदलाबदल होणार नाही." एका मजल्यापुरत्या सगळ्या घेतल्या. टिकल्या तर बाकीच्या मजल्यांसाठीही घेणार आहेत. पैसे त्यांनी दिलेत, आत्या, मी नाही. ते वेगळ्या पाकिटात पाठवते आहे.

पत्ता खाली लिहिते. अगदी खरा आहे, तिला वाचून दाखव. दाराला लोखंडी जाळी आहे, शेजारी चपला दुरुस्त करणारा बसतो, आणि कुंडी एकही नाही.

ठमी

५ फेब्रुवारी

आत्या,

वाईट बातमी आहे, आणि तुझ्या ताकिदीप्रमाणे जशीच्या तशी लिहिते.

आज वॉर्डनबाईंचा निरोप आला, त्या चिडल्या आहेत. कुणीतरी एका गोधडीचा कोपरा बिघडवला, आपली खूणच काढून घेतली. धुण्याच्या खोलीत नुकतीच कामाला लागलेली एक मुलगी आहे, तिच्यावर संशय आहे. तिच्याच हातात ती गोधडी शेवटची होती. विचारलं तर उत्तर देत नाही, भाषा येत नाही की सोंग करते ते कळत नाही म्हणे. वॉर्डनबाई तिला काढून टाकायच्या विचारात आहेत, आणि असल्या भानगडी होणार असतील तर पुढच्या मजल्यांच्या गोधड्या नकोत असंही म्हणाल्या.

मी उद्या संध्याकाळी माफी मागायला जाते. तू तुझ्या मुखस्तंभाकडून एक जादा तुकडा घेऊन ठेवशील का? म्हणजे कोपरा पुन्हा लावून देता येईल. टेम्पोवाला हे पत्र आजच आणून देईल.

इतक्या मुश्किलीने बसलेली घडी एका धुणेवालीपायी मोडू नये एवढंच वाटतं.

ठमी

५ फेब्रुवारी, संध्याकाळ

ठमे,

तुझं पत्र टेम्पोवाल्याने दारात दिलं आणि मी त्याला तिथेच उभं केलंय. तो चहा पितोय तोवर हे लिहिते.

मी आपणहून फोनला हात लावत नाही हे तुला ठाऊक आहे. आज लावला. तू दिलेल्या पत्त्यावरून नंबर मिळवून वसतिगृहात केला आणि वॉर्डनबाईंना एकच गोष्ट विचारली, कोपरा कापलाय की उसवलाय? त्या म्हणाल्या, त्यात काय फरक पडतो. मी म्हटलं, मी शिवणाची बाई आहे, मला फरक पडतो, जरा जाऊन बघा. गेल्या. परत येऊन म्हणाल्या, उसवलाय, आणि चमत्कारिक म्हणजे बाजूचा एक टाकाही हललेला नाही.

ठमे, चोर कापतो. एवढ्या निगुतीने उसवायला कुणीतरी शिकवावं लागतं. या दोघींची आई एकच असेल तर.

मी विचारलं, मुलगी पळाली का? तर नाही. मागच्या पायरीवर बसून आहे, मूठ उघडत नाही, आणि येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाला गोधडी दाखवून काहीतरी विचारते आहे, ते कुणाला कळत नाही. मला कळलं. मी वॉर्डनबाईंना सांगितलं, तिची मूठ उघडू नका, तिला काढू नका, आणि रात्री काहीतरी खायला घाला, खर्च माझा. त्या हो म्हणाल्या, पण माझ्या डोक्यावर परिणाम झाला असावा असं त्यांना वाटलं.

तू माफी मागायला उद्या संध्याकाळी नको, आत्ताच जा, आणि माफी न मागता नुसती तिच्याशेजारी पायरीवर बस. पहिल्या बसने आम्ही येतो.

ती नसेलही. मी संशयी बाई आहे, चांगल्या गोष्टीवर माझा आधी विश्वास बसत नाही. म्हणून मुखस्तंभाला मी अजून काही सांगितलेलं नाही. म्होरकीलाही नाही. मुखस्तंभ आत बसून नव्या गोधडीचा कोपरा घालत होती. मी नुसतं म्हटलं, उद्या शहरात जायचंय माझ्याबरोबर. तिने वर पाहिलं, तेव्हा मलाच राहवलं नाही, म्हटलं, तू नेहमी विचारतेस ना, कुणाच्या घरी गेली म्हणून. चल, दाखवते.

तिने सुई खाली ठेवली. सदऱ्याचा उरलेला गळा पिशवीतून काढला आणि हाताने इस्त्री करत बसली आहे.

आत्या